वाचकांचे प्रश्न : हातातले कसब आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

गेल्या अंकात आम्ही कारखान्यातील कामे, आयटीआयचे शिक्षण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बडोद्यातील मराठी कुटुंबांतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. ज्यांचा आशय सारखा होता ती एकत्र केली आहेत. उत्तरे देणाऱ्याने बडोद्यातील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये (हत्यारे आणि साचे घडवणाऱ्या विभागात) आणि पुढे त्याच कारखान्याच्या शिकाऊ उमेदवारांच्या विभागात मिळून चौतीस वर्षे काम केले आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. कारण उत्तरांमागची मते त्या अनुभवातून आलेली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा यंदा दहावी झाला. त्याला आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड घ्यायचा आहे. घरातील मोठी माणसे म्हणतात की आता सगळी कामे यंत्रे करणार, मग मुलाला कानस धरायला कशाला पाठवता? त्याचे ऐकून मी त्याचे नुकसान तर करत नाही ना?
— एक आई, दांडिया बाजार

उत्तर : ताई, आपण नुकसान करत नाही आहात. घरातील वडीलधाऱ्यांची काळजी खरी आहे, पण ती चुकीच्या दिशेला वळली आहे. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता प्रथम पोहोचली ती कागदावरच्या आणि पडद्यावरच्या कामांपर्यंत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२३ मध्ये जगभरातील व्यवसायांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सर्वाधिक परिणाम कारकुनी कामांवर दिसला : त्या कामांपैकी २४ टक्के कामे या तंत्राच्या थेट आवाक्यात येतात आणि आणखी ५८ टक्क्यांवर मध्यम परिणाम होऊ शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. दुरुस्ती, जोडणी, फिटिंग अशा हाताच्या कामांवरचा परिणाम त्यामानाने पुष्कळ कमी आहे.

याचा अर्थ फिटरचे काम जसेच्या तसे राहील असा नाही. आज मोठ्या कारखान्यांत मोटारीच्या बेअरिंगवर कंपन मोजणारे सेन्सर बसवलेले असतात आणि संगणक आधीच सांगतो की हे बेअरिंग लवकरच जाणार. पुढचे काम मात्र माणसाचेच असते. मोटार थांबवायची, पुलर लावून बेअरिंग काढायचे, त्याच्या रिंगेवर घासल्याची खूण एकाच बाजूला आहे की सगळीकडे हे पाहायचे, आणि त्यावरून शाफ्टची रांग चुकली होती की ग्रीस कमी पडले होते हे ठरवायचे. सेन्सर ‘केव्हा’ ते सांगतो. ‘का’ ते ज्याने बेअरिंग हातात धरले आहे तोच सांगू शकतो. आपल्या मुलाने फिटिंगबरोबर सेन्सर, न्यूमॅटिक्स आणि थोडी वीज शिकून घ्यावी, म्हणजे त्याला दोन्ही बाजू कळतील.

आणखी एक गोष्ट. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि तेथे रस्ता संपत नाही. गुजरातेत दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण करणाऱ्या मुलांना ‘सी टू डी’ या मार्गाने डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. आपल्या घरापासून जवळच कलाभवन आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते सुरू केले, तेव्हा हाताने काम करणाऱ्या मुलाला विज्ञानही कळावे हाच त्यामागचा विचार होता. दादासाहेब फाळके तेथे शिकले. बडोद्यात तरी कानस धरणाऱ्या हाताला कमी लेखण्याची परंपरा नाही.

प्रश्न : एका खासगी क्लासने चार महिन्यांत ‘एआय तज्ज्ञ’ बनवून नोकरीची हमी देऊ असे सांगितले आहे. फी मोठी आहे आणि कर्ज काढावे लागेल. मी बारावी झालो आहे. प्रवेश घ्यावा का?
— एक तरुण वाचक, मांजलपूर

उत्तर : कर्ज काढून घेऊ नका. चार महिन्यांत कोणत्याही कामात तज्ज्ञ होता येत नाही आणि नोकरीची हमी क्लास देऊ शकत नाही. नोकरी देणारा दुसराच असतो. त्या प्रमाणपत्राला राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का आणि ते कौशल्य पात्रता चौकटीच्या कोणत्या स्तरावर बसते, एवढे दोन प्रश्न लेखी विचारा. उत्तर टाळले गेले तर तेच उत्तर समजा. याच विषयात शिकायचे असेल तर आयटीआयच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स प्रोग्रॅमिंग असिस्टंट’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तो जवळच्या कोणत्या संस्थेत चालतो याची चौकशी करून मगच ठरवा.

प्रश्न : मी बावीस वर्षे ड्राफ्ट्समन म्हणून काम करतो आहे. आमच्या कंपनीत नवे सॉफ्टवेअर आले आहे. माप आणि वर्णन दिले की ते पार्टचे मॉडेल आणि ड्रॉइंग स्वतः तयार करते. मला सांगितले आहे की तुम्ही आता फक्त तपासा. माझ्या हाताखाली असलेल्या दोन मुलांना कमी करण्यात आले. मला भीती वाटते की पुढचा क्रमांक माझा आहे.
— एक ड्राफ्ट्समन, मकरपुरा

उत्तर : आपली भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. पण ‘फक्त तपासा’ या शब्दांत जे हलकेपण आहे ते काढून टाकणे आपल्या हाती आहे, आणि माझ्या मते आपली नोकरी त्यावरच टिकेल.

यंत्राने काढलेले ड्रॉइंग दिसायला स्वच्छ असते, म्हणूनच त्यातील चूक सहज नजरेतून सुटते. एक साधे उदाहरण घेऊ. मिलिंग करून खोल चौकोनी खाच काढायची आहे आणि ड्रॉइंगमध्ये तिचे आतले चारही कोपरे अगदी काटकोनात, धारदार दाखवले आहेत. पडद्यावर ते सुंदर दिसते. पण मिलिंग कटर गोल असतो. कोपऱ्यात त्याच्या त्रिज्येएवढी गोलाई राहणारच. तसा धारदार कोपरा हवा असेल तर ईडीएम (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून आकार देणे) करावे लागेल, म्हणजे खर्च आणि वेळ दोन्ही वाढणार. हे मशीनजवळ उभे राहिलेला माणूस एका नजरेत सांगतो. वाकवण्याच्या रेषेला चिकटून दिलेले छिद्र, वेल्डरची गन आत जाणार नाही असा सांधा, आपल्याकडील पहिल्या कोनाच्या प्रक्षेपणाच्या (कागदावर दृश्ये मांडण्याच्या रीतीच्या) जागी तिसऱ्या कोनाचे दृश्य, अशी यादी आपण माझ्याहून चांगली करू शकाल.

ती यादी करा, ही माझी पहिली सूचना. एक वही ठेवा. प्रत्येक तपासलेल्या ड्रॉइंगचा क्रमांक, सापडलेली चूक आणि ती तशीच मशीनवर गेली असती तर किती माल वाया गेला असता, याची नोंद ठेवा. सहा महिन्यांनी ती वही साहेबांसमोर ठेवली की ‘तपासणे’ म्हणजे काय ते आकड्यांत दिसेल. दुसरी सूचना अशी की ड्रॉइंगवर ‘तपासले’ या चौकटीत आपली सही असेल, तर त्या जबाबदारीचे पद आणि ड्रॉइंग परत पाठवण्याचा अधिकारही लेखी मागून घ्या. अधिकार नसलेली सही करू नये.

तिसरी सूचना थोडी कडवट आहे. नुसते तपासत राहिल्याने तपासणाऱ्याचीही नजर मंद होते. पोलंडमधील चार केंद्रांतील अनुभवी डॉक्टरांवरचा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेण्याची सवय लागल्यानंतर, ती मदत नसलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आले होते. डॉक्टरांचे जे झाले ते ड्राफ्ट्समनचे होणार नाही असे समजण्याचे कारण नाही. म्हणून आठवड्यातून एक तरी ड्रॉइंग कोऱ्या पानापासून स्वतः काढत जा, कोणी सांगो वा न सांगो.

प्रश्न : मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचा निदेशक आहे. मुले जर्नलमधील उत्तरे मोबाइलवरच्या एआयकडून लिहून आणतात. भाषा उत्तम, आकृत्या सुंदर; पण लेथसमोर उभे केले की हात थरथरतो. मोबाइल बंद करावा तर मुले म्हणतात की बाहेर सगळे हेच वापरतात. आम्ही काय करावे?
— एक निदेशक, गोरवा

उत्तर : या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी मला सर्वांत महत्त्वाचे हे पत्र वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुर्कस्तानात सुमारे एक हजार शाळकरी मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला. मुलांच्या एका गटाला सराव करताना नेहमीचा चॅटबॉट दिला होता. सरावात त्या मुलांची कामगिरी ४८ टक्क्यांनी चांगली झाली. पण चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा, ज्यांना तो कधीच दिला नव्हता अशा मुलांपेक्षा ती १७ टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या गटाला असा चॅटबॉट दिला होता जो थेट उत्तर न देता शिक्षकांनी ठरवलेल्या सूचना देई. त्या गटाचे असे नुकसान जवळपास झाले नाही. तेव्हा साधन तेच असले तरी ते उत्तर हाती देते की विचार करायला लावते, यावर सगळे अवलंबून आहे. मोबाइल बंद करणे हा उपाय नाही आणि मोकळा सोडणे हाही नाही.

आपल्या ट्रेडमधलेच उदाहरण घेऊ. पन्नास मिलिमीटर व्यासाचा माइल्ड स्टीलचा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लेथवर (तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर) आहे आणि टूल एचएसएसचे, म्हणजे हाय स्पीड स्टीलचे, आहे. मुलाने मोबाइलला विचारले, ‘पन्नास मिमीच्या माइल्ड स्टीलसाठी किती आरपीएम (मिनिटाला फेरे) ठेवू?’ टूल कोणते हे त्याने लिहिलेच नाही. यंत्राने कार्बाइड (जास्त वेग आणि उष्णता सोसणारे टूल) गृहीत धरून मिनिटाला १५० मीटर कटिंग स्पीड घेतला तर उत्तर येईल सुमारे ९५५ आरपीएम. गणित चोख आहे. पण एचएसएसला मिनिटाला ३० मीटरच्या आसपासच झेपते, म्हणजे सुमारे १९१ आरपीएम. पाचपट वेगाने फिरवले की काही क्षणांत टूलची धार निळी पडून जाते, आणि मुलाला वाटते की टूल खराब होते.

आपण हा प्रसंग मुद्दाम घडवून आणा. मुलांना मोबाइलवर प्रश्न विचारू द्या, उत्तर फळ्यावर लिहा, आणि लेथ सुरू करण्याआधी प्रत्येकाला विचारा की या उत्तरात कोणती गोष्ट गृहीत धरली आहे. ज्याला टूलचे नाव आठवेल त्याला कटिंग स्पीड कळला. ज्याला नाही आठवले त्याच्यासाठी एक जुने टूल जाळायला हरकत नाही. निळी पडलेली धार आणि जळक्या तेलाचा वास तो आयुष्यभर विसरणार नाही. मी शिकाऊ असताना आमचे उस्ताद चौरस ठोकळा घासायला देत. गुण्या लावून ठोकळा उजेडाकडे धरायचा आणि गुण्याखालून प्रकाशाची रेघ दिसते का ते पाहायचे. रेघ दिसली की ते काही न बोलता ठोकळा परत देत. अकरा दिवस मी तो एकच ठोकळा घासला. आज मोबाइलने मला घासण्याची रीत दहा ओळींत सांगितली असती, पण ती रेघ पाहण्याची नजर त्या दहा ओळींतून आली नसती.

मूल्यमापनाबाबत माझी स्पष्ट शिफारस आहे. जर्नलच्या सुंदर लिखाणाला जे वजन दिले जाते ते कमी करा आणि जॉब हातात धरून पाच मिनिटे विचारलेल्या तोंडी प्रश्नांना वाढवा. ‘येथे फीड का कमी केलास?’ ‘हा चिप निळा का झाला?’ मुलाने स्वतः केले असेल तर तो अडखळत का होईना, सांगतो.

आणि एका बाबतीत या साधनाचे मी मनापासून स्वागत करतो. आपल्या वर्गातील मराठी मुलगा घरी मराठी बोलतो, शाळेत गुजरातीत शिकला आणि मशीनचे मॅन्युअल इंग्रजीत आहे. पूर्वी अशी मुले मॅन्युअल उघडतच नसत. आज तो एखाद्या पानाचा फोटो काढून ‘हे मला मराठीत समजाव’ म्हणू शकतो. कलाभवनाने सव्वाशे वर्षांपूर्वी कारागिरांना त्यांच्या भाषेत तंत्रशिक्षण देण्याचा जो प्रयत्न केला, त्याला हे उत्तम जोड देईल. फक्त अशा भाषांतरात सुरक्षेच्या सूचना आणि मापे मूळ पानाशी ताडून पाहण्याची सवय लावा.

प्रश्न : मी एका व्यापाऱ्याकडे हिशेबाचे काम करते. बिलांच्या नोंदी आता फोटोवरून आपोआप होतात. मी काय शिकावे?
— एक वाचक, वाघोडिया रोड

उत्तर : वर दिलेल्या आकड्यांवरून दिसेल की बदल सर्वांत आधी आपल्यासारख्यांच्या टेबलावर येतो आहे, म्हणून वेळ घालवू नका. नोंद करण्याचे काम जाईल. न जुळणाऱ्या नोंदींचे काम राहील. दर महिन्याच्या चौदा तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून बनणारे जीएसटीचे पत्रक, तयार होते. त्यात एखाद्या पुरवठादाराचे बिल नसेल तर त्याने विवरण भरले नाही, की क्रमांक चुकला, की बिलच बनावट आहे, हे फोन करून, माणूस ओळखून शोधावे लागते. कर, थकबाकी आणि रोख रकमेचे नियोजन या तिन्हींत पक्क्या व्हा, आणि मालकांना महिन्याच्या शेवटी एक पानी अहवाल स्वतःच्या शब्दांत द्यायला सुरुवात करा.

प्रश्न : माझे मकरपुरा जीआयडीसीत बारा माणसांचे मशीनशॉप आहे. दरवर्षी दोन शिकाऊ मुले घेत असे. आता सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) प्रोग्रॅम सॉफ्टवेअर बनवते आणि एक अनुभवी माणूस तीन मशीन पाहतो. नवख्या मुलांना देण्यासारखे सोपे कामच उरले नाही. त्यांना घेणे परवडत नाही. मी चुकतो आहे का?
— एक कारखानदार, प्रतापनगर

उत्तर : आपल्या हिशेबात या वर्षाची चूक नाही. दहा वर्षांचा हिशेब मांडला तर चूक दिसेल, आणि ती मी स्वतः पाहिलेली आहे.

ऐंशीच्या दशकात आमच्या टूलरूममध्ये पहिली एनसी (आकड्यांतल्या सूचनांवर चालणारी) मशीन आली तेव्हा व्यवस्थापनाने असाच विचार करून चार वर्षे शिकाऊ मुले घेणे थांबवले. त्या चार वर्षांत काही बिघडले नाही. मग जिग बोरिंगवर (अतिशय अचूक छिद्रे पाडणाऱ्या मशीनवर) काम करणारे दोन ज्येष्ठ कारागीर वर्षभराच्या अंतराने निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी उभा करण्यासारखा तिशीतला एकही माणूस घरात नव्हता. बाहेरून आणलेल्या माणसांना मशीन येत होती, पण आमचे जॉब येत नव्हते. ती पोकळी भरायला चारहून कितीतरी जास्त वर्षे लागली.

आज हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्याची चिन्हे आहेत. अमेरिकेतील पगारपत्रकांच्या आधारे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये दाखवले की, ज्या व्यवसायांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिरकाव सर्वाधिक आहे तेथे २२ ते २५ वयाच्या कामगारांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटला. अनुभवी माणसांचा मात्र टिकून राहिला. शिडीची वरची पायरी शाबूत आहे, खालची मोडते आहे. ते व्यवसाय प्रामुख्याने संगणकावरचे आहेत, पण आपल्या पत्रातील वाक्य त्याच दिशेचे आहे.

दुसऱ्या बाजूला हेही पाहा. ग्राहकसेवेत काम करणाऱ्या पाच हजारांहून अधिक लोकांवरच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने सरासरी काम १४ टक्क्यांनी वाढले, तर नवख्यांचे ३४ टक्क्यांनी. कारण ते साधन जुन्या, उत्तम कर्मचाऱ्यांच्या कामावरून शिकले होते आणि त्यांची रीत नवख्यांच्या हाती देत होते. म्हणजे नवख्याला घेणे पूर्वीपेक्षा महाग झाले आहे हे गृहीतकच तपासून पाहायला हवे. अट एवढीच की शॉपमध्ये ज्याच्याकडून शिकायचे असा जुना माणूस हवा, आणि जुने माणूस नवख्यातूनच तयार होते.

कायद्याने आपल्यावर सक्ती नाही. शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना आहे. चार ते एकोणतीस माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे. पण राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत नोंद केली तर विद्यावेतनातील २५ टक्के, महिन्याला कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देते. तेव्हा दोन नाही तर एक मुलगा तरी घ्या.

आणि त्याला द्यायला काम नाही म्हणता, तर एक काम मी सुचवतो. सॉफ्टवेअरने बनवलेला प्रत्येक नवा प्रोग्रॅम मशीनवर जाण्याआधी त्या मुलाने कागदावर ओळीने वाचावा आणि टूल कोठून कोठे जाईल ते पेन्सिलने काढावे. मग पहिला पीस त्याच्या हाताने सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमच्या एकेका ओळीला थांबत), रॅपिडचा (टूल न कापता जागा बदलते त्याचा) वेग अगदी कमी ठेवून चालवावा. शेजारी आपला अनुभवी माणूस उभा असावा. क्लॅम्पपासून टूल किती अंतरावरून जाते हे मुलाने आधी सांगायचे आणि मग बघायचे. पीस उतरल्यावर मायक्रोमीटर त्यानेच लावायचा. यात दर नव्या जॉबला पाऊण तास जाईल. टूल क्लॅम्पवर आदळून एकदा स्पिंडल बिघडली तर किती दिवस मशीन बंद राहते ते आपण जाणता. त्या दिवसांशी या पाऊण तासाची तुलना करून मला पुन्हा लिहा.